हिंगोली

हिंगोली हे महाराष्ट्र राज्याच्या मराठवाडा विभागातील एक शहर असून हिंगोली जिल्ह्याचे मुख्यालय आहे. कयाधू नदीच्या काठी वसलेले हे शहर पूर्णा–अकोला रेल्वेमार्गावरील महत्त्वाचे स्थानक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८५,१०३ होती. हैदराबाद संस्थानाच्या काळात, १८१९ ते १९०३ या कालखंडात, येथे लष्करी छावणी होती. छावणी उठल्यानंतर १९१२ मध्ये हिंगोलीला मीटर गेज रेल्वे पोहोचली आणि पुढे सुमारे अर्धशतक हे गाव त्या फाट्याचे शेवटचे स्थानक राहिले. स्वातंत्र्यानंतर हा मार्ग अकोला व खांडव्यापर्यंत वाढवण्यात आला, तेव्हा हिंगोली उत्तर आणि दक्षिण भारताच्या मीटर गेज जाळ्यांना जोडणाऱ्या मार्गावर आली. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आणि औंढा नागनाथ ही तीर्थक्षेत्रे शहरापासून जवळ आहेत.

भूगोल

हिंगोली १९°४३′ उत्तर अक्षांश व ७७°९′ पूर्व रेखांश यांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५७ मीटर उंचीवर वसली आहे. परिसर दख्खनच्या पठाराचा भाग असून जमीन प्रामुख्याने काळी व मध्यम काळी आहे. शहराजवळून वाहणारी कयाधू ही पैनगंगेची उपनदी होय. जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगा, तर दक्षिण भागातून पूर्णा नदी वाहते. पूर्णेवरील सिद्धेश्वर धरण औंढा नागनाथ तालुक्यात आहे, तर पैनगंगेवरील इसापूर धरण जिल्ह्याच्या सीमेवर, कळमनुरी तालुक्यालगत आहे.

हिंगोलीच्या इतिहासात पैनगंगेला भौगोलिक महत्त्वाइतकेच राजकीय महत्त्व आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतर नदीच्या उत्तरेकडील वाशीम इंग्रजी अंमलाखाली आणि दक्षिणेकडील हिंगोली निजामाच्या अंमलाखाली अशी विभागणी झाली. नदी ओलांडली की कायदा, कचेरी आणि चलन ही तिन्ही बदलत. निजामाच्या मुलखात हाली शिक्का चाले, तर पलीकडे इंग्रजी कलदार रुपया. जुन्या सरहद्दीजवळच्या कन्हेरगाव नाका या गावाच्या नावात ‘नाका’ हा शब्द आजही आहे. मराठवाडा आणि विदर्भ यांची सीमा या भागात आजही पैनगंगाच आहे.

इतिहास

प्राचीन व मध्ययुगीन काळ

हिंगोलीच्या उत्तरेस असलेले वाशीम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, हे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचे ठिकाण होते. हिंगोलीचा परिसर या राजधानीच्या निकटचा. पुढे देवगिरीच्या यादवांच्या काळात या भागात दगडी मंदिरांची उभारणी झाली. औंढा येथील नागनाथ मंदिर हे तिचे ठळक उदाहरण आहे. यादवांनंतर बहमनी, निजामशाही व मुघल अशा सत्ता येथे आल्या आणि अठराव्या शतकात हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात समाविष्ट झाला.

छावणीचा काळ (१८१९–१९०३)

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हैदराबादचे इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या प्रयत्नांतून निजामाच्या खर्चाने, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी फौज उभी राहिली. पुढे ती ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने ओळखली गेली. या फौजेच्या छावण्या बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद (आताचे अंबाजोगाई), एलिचपूर (आताचे अचलपूर) अशा ठिकाणी होत्या. हिंगोली ही त्यांपैकी एक महत्त्वाची छावणी होती. पायदळ, घोडदळ आणि तोफखाना अशा तिन्ही अंगांची फौज येथे राहत असे.

१८५३ च्या तहानंतर या फौजेचा खर्च वऱ्हाडच्या महसुलातून भागवण्याची व्यवस्था झाली. त्यामुळे पैनगंगेपलीकडच्या शेतसाऱ्यातून पैनगंगेअलीकडच्या छावणीचा खर्च चाले, असा विलक्षण प्रकार या भागात होता. अकोल्याहून वाशीममार्गे हिंगोलीस येणारा रस्ता हा या काळातील प्रमुख मार्ग होता. आजचा राष्ट्रीय महामार्ग साधारणपणे याच दिशेने जातो.

छावणीमुळे गावाचा कायापालट झाला. निरनिराळ्या प्रांतांतून शिपाई, व्यापारी, कारागीर, मोदी व सावकार येथे येऊन राहिले. मराठीच्या जोडीला दखनी उर्दू आणि हिंदी या भाषा गावात रुळल्या, त्या आजतागायत टिकून आहेत.

ठगीचा बंदोबस्त

१८३० च्या दशकात इंग्रज सरकारने ठगांच्या टोळ्यांविरुद्ध जी मोहीम चालवली, तिच्याशी हिंगोलीचे नाव निगडित आहे. निजामाच्या मुलखातील या मोहिमेचे आरंभीचे मोठे काम हिंगोलीच्या परिसरात झाले. विल्यम स्लीमन हे या मोहिमेचे सूत्रधार होते, तर हिंगोली भागात कॅप्टन रेनॉल्ड्स यांनी काम पाहिले.

पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आलेले फिलिप मेडोज टेलर हे त्या सुमारास निजामाच्या फौजेतील अधिकारी म्हणून हिंगोलीस होते. त्यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही इंग्रजी कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी हिंगोलीच्या छावणीतील हरिसिंग नावाच्या कापड व्यापाऱ्याची हकिकत दिली आहे. छावणीतील साहेब लोक ज्याच्याशी नित्य व्यवहार करीत, तो हा प्रतिष्ठित व्यापारी प्रत्यक्षात ठगांचा एक म्होरक्या होता. वाटेत मारलेल्या व्यापाऱ्यांचा माल सरकारी परवान्याच्या आधारे छावणीत आणून त्याने तो उघडपणे विकला, असे टेलर यांनी नमूद केले आहे.

ही माहिती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ठगीविषयीचे बहुतेक लेखन इंग्रज अधिकाऱ्यांचे असून ते माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर आधारलेले आहे. त्यामुळे ठगांची संख्या, त्यांचे धार्मिक विधी आणि संघटना यांविषयीच्या वर्णनांत अतिशयोक्ती किती, याबद्दल आधुनिक अभ्यासकांत मतभेद आहेत. हिंगोलीच्या संदर्भात मात्र व्यापारी रस्ते, छावणीची बाजारपेठ आणि दोन सत्तांमधील सैल पोलिसी व्यवस्था या तीन गोष्टी एकत्र आल्याने अशा टोळ्यांना येथे वाव मिळाला, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

छावणीचा शेवट

नोव्हेंबर १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि निजाम यांच्यात वऱ्हाडविषयी नवा करार झाला. त्याला अनुसरून १९०३ मध्ये हैदराबाद कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात येऊन तिच्या पलटणी हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन करण्यात आल्या. हिंगोलीची छावणी त्याच वर्षी उठली. सुमारे चौऱ्याऐंशी वर्षे ज्या फौजेच्या पगारावर बाजारपेठ अवलंबून होती, ती फौज गेल्याने गावाला दुसरा आधार शोधणे भाग पडले. तो आधार कापसाच्या व्यापाराने व पुढे रेल्वेने दिला.

वस्त्यांची नावे

छावणीच्या खुणा इमारतींपेक्षा वस्त्यांच्या नावांत अधिक टिकल्या आहेत. शहरातील पुढील नावे त्या काळाची साक्ष देतात.

पलटण : पायदळाची वस्ती. हा शब्द इंग्रजीतील ‘प्लॅटून’ वा ‘बटालियन’ या शब्दांवरून मराठीत आला.

रिसाला : घोडदळाची वस्ती. हा शब्द अरबी–फारसी वळणाचा असून स्वारांच्या पथकास तो लावला जाई.

तोफखाना : तोफा व गोलंदाज यांची जागा.

पेन्शनपुरा : सेवानिवृत्त शिपायांची वस्ती. इंग्रजी ‘पेन्शन’ आणि मराठी–हिंदी ‘पुरा’ यांचा हा मिलाफ आहे. फौजेतून निवृत्त झालेले अनेक परप्रांतीय शिपाई आपल्या मुलखात न परतता येथेच स्थायिक झाले, हे या नावावरून लक्षात येते.

सदर बाजार : छावणीतील मुख्य बाजारपेठ. भारतातील बहुतेक जुन्या छावण्यांच्या गावी या नावाचा बाजार आढळतो.

महाराष्ट्र राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ हिंगोली येथे आहे. त्यामुळे गणवेशधारी दलाशी असलेला शहराचा संबंध वेगळ्या रूपात आजही कायम आहे.

रेल्वेचा इतिहास

हिंगोली फाटा (१९१२)

हैदराबाद संस्थानातील पहिली रेल्वे वाडी ते सिकंदराबाद या मार्गावर १८७४ मध्ये सुरू झाली. ती ब्रॉड गेज होती. त्यानंतर संस्थानाच्या मराठी भागासाठी हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे बांधण्यात आली. सिकंदराबादहून निजामाबाद, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना व औरंगाबादमार्गे मनमाडला जाणारा हा मीटर गेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. कमी खर्च हे मीटर गेजच्या निवडीमागील प्रमुख कारण होते. मीटर गेजमध्ये दोन रुळांमधील अंतर १,००० मिलिमीटर असते, तर भारतीय ब्रॉड गेजमध्ये ते १,६७६ मिलिमीटर असते.

या मुख्य मार्गावरील पूर्णा येथून उत्तरेकडे वसमतमार्गे हिंगोलीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर लांबीचा फाटा काढण्यात आला. तो १९१२ मध्ये सुरू झाला. म्हणजे फौज गेल्यावर नऊ वर्षांनी हिंगोलीला रेल्वे आली. येथे तिचा हेतू लष्करी वाहतुकीपेक्षा शेतमालाच्या, विशेषतः कापसाच्या, वाहतुकीचा अधिक होता. हिंगोली ही त्या काळी कापसाची मोठी पेठ म्हणून ओळखली जाई. रेल्वे येण्यापूर्वी कापसाच्या गाड्या पैनगंगा ओलांडून वाशीममार्गे अकोल्याच्या स्थानकापर्यंत जात. रेल्वे आल्यावर पूर्णा व मनमाडमार्गे मुंबईचा रस्ता खुला झाला. मात्र मनमाडला मीटर गेजच्या डब्यातील माल उतरवून ब्रॉड गेजच्या डब्यात भरावा लागे. गेजबदलाची ही अडचण या भागातील व्यापाऱ्यांना पुढील आठ-नऊ दशके सोसावी लागली.

हैदराबादकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी या रेल्वेचे मुख्य स्थानक काचीगुडा हे होते. त्याची भव्य इमारत १९१६ मध्ये उभी राहिली. १९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वेचा कारभार कंपनीकडून आपल्या हाती घेतला आणि ती निजाम स्टेट रेल्वे झाली.

शेवटचे स्थानक

१९१२ पासून १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत रूळ हिंगोलीलाच संपत. उत्तरेस अवघ्या काही कोसांवर वऱ्हाड होते आणि अकोल्याला मुंबई–नागपूर हा ब्रॉड गेज मार्ग होता, परंतु मध्ये पैनगंगा आणि तिच्याबरोबर संस्थानाची सरहद्द होती. दोन राज्यव्यवस्थांच्या रेल्वे एकमेकींपासून सुमारे १३० किलोमीटर अंतरावर थांबल्या होत्या.

शेवटचे स्थानक असण्याचा हिंगोलीला लाभही झाला. सेनगाव, कळमनुरी आणि औंढा या भागांतील शेतकरी व व्यापारी मालासाठी व प्रवासासाठी हिंगोलीला येत. जिथे रूळ संपतात तिथे बैलगाड्यांचा तळ पडतो आणि तळाभोवती अडत, वखारी व खानावळी उभ्या राहतात. छावणी उठल्यावर ओस पडू शकणारी बाजारपेठ यामुळे टिकून राहिली.

स्थानकाचे अधिकृत नाव ‘हिंगोली डेक्कन’ असे आहे.

खांडवा–हिंगोली दुवा

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर सरहद्दीचा अडसर दूर झाला. निजाम स्टेट रेल्वे भारतीय रेल्वेत आली आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वेचा भाग बनली. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना झाल्यावर हा मार्ग तिच्याकडे गेला. २००३ पासून तो नांदेड विभागात आहे.

याच काळात खांडवा ते हिंगोली हा नवा मीटर गेज दुवा बांधण्यात आला. तो टप्प्याटप्प्याने खुला होऊन १९६० च्या सुमारास पूर्णत्वास गेला. या दुव्याचे महत्त्व केवळ स्थानिक नव्हते. राजस्थान व माळव्यातील मीटर गेज जाळे खांडव्यापर्यंत येत होते, तर दक्षिणेकडील जाळे हिंगोलीला संपत होते. ही दोन्ही जाळी या दुव्याने जोडली गेली. परिणामी मीटर गेजचा डबा अजमेर–जयपूरकडून निघून गेज न बदलता थेट दक्षिणेत जाऊ लागला. काचीगुडा ते जयपूर धावणारी मीनाक्षी एक्सप्रेस ही या मार्गावरील सर्वांत प्रसिद्ध गाडी होय.

अकोला ते खांडवा हा सुमारे १७४ किलोमीटरचा टप्पा सातपुड्यातून व मेळघाटच्या जंगलातून जात असे. त्यावरील धूळघाट येथे चढ सौम्य करण्यासाठी रूळ डोंगराभोवती वळवून स्वतःच्याच मार्गावरून नेले होते. रेल्वे अभियांत्रिकीतील अशा वळणवाटेची भारतात फार थोडी उदाहरणे आहेत.

रुंदीकरण आणि तुटलेला दुवा

१९९० च्या दशकात मनमाड–सिकंदराबाद मार्गाचे ब्रॉड गेजमध्ये रूपांतर सुरू झाले. त्यामुळे पूर्णा येथे गाडी बदलणे अपरिहार्य झाले आणि मीनाक्षी एक्सप्रेस पुढे पूर्णेपर्यंतच येऊ लागली. पूर्णा–अकोला या सुमारे २१० किलोमीटरच्या मार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाले. हिंगोली प्रथमच अखंड ब्रॉड गेजने मुंबई, नागपूर आणि हैदराबाद या तिन्ही दिशांना जोडली गेली.

उत्तरेकडील टप्प्याचे भवितव्य मात्र वेगळे ठरले. अकोला–खांडवा मीटर गेज मार्गावरील वाहतूक रुंदीकरणासाठी जानेवारी २०१७ पासून बंद करण्यात आली. त्यानंतर अकोला–अकोट हा भाग ब्रॉड गेज झाला. अकोटच्या पुढे जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून जात असल्याने तेथे रुंद व वेगवान रेल्वे नेण्यास वन्यजीव अभ्यासकांनी विरोध केला. वेगवान गाड्यांमुळे वाघ व इतर प्राण्यांचे मृत्यू होतील आणि अधिवासाचे तुकडे पडतील, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. दुसऱ्या बाजूस, जंगलातील गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारी स्वस्त गाडी बंद झाली आणि मूळ मार्ग अंतराने कमी आहे, हे मुद्दे रुंदीकरणाच्या समर्थकांनी मांडले. महाराष्ट्र शासनानेही व्याघ्र प्रकल्पाबाहेरून मार्ग नेण्याचा आग्रह धरला. अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या बाजूने वळसा घालणारा पर्यायी मार्ग स्वीकारण्यात आला.

हिंगोलीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, १९६० च्या सुमारास जोडला गेलेला उत्तरेचा थेट दुवा २०१७ मध्ये तुटला. सध्या हिंगोलीहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाड्या अकोल्यानंतर भुसावळमार्गे जातात. अकोला ते खांडवा हे अंतर या मार्गाने सुमारे २६० किलोमीटर पडते. पर्यायी मार्ग पूर्ण होईपर्यंत ही स्थिती राहणार आहे.

सध्याची रेल्वेसेवा

नांदेड–श्रीगंगानगर, काचीगुडा–नरखेड आणि नागपूर–कोल्हापूर या लांब पल्ल्याच्या गाड्या हिंगोलीमार्गे धावतात. यांपैकी नागपूर–कोल्हापूर गाडी परभणी, परळी, लातूर व पंढरपूरमार्गे जात असल्याने वारकऱ्यांना सोयीची आहे. जालना–मुंबई जनशताब्दी एक्सप्रेस २०२४ मध्ये हिंगोलीपर्यंत वाढवण्यात आली. त्यामुळे हिंगोलीहून सुटणारी थेट मुंबईची गाडी उपलब्ध झाली आणि या एका गाडीपुरते हिंगोली पुन्हा शेवटचे स्थानक बनले. जिल्ह्यातील इतर स्थानकांत वसमत, चोंढी, बोल्डा आणि कन्हेरगाव नाका यांचा समावेश होतो.

मुक्तिसंग्राम आणि जिल्हानिर्मिती

हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यातील जनतेने निजामाच्या राजवटीविरुद्ध लढा दिला. हिंगोलीचा परिसर सरहद्दीलगत असल्याने येथे या लढ्याला विशेष स्वरूप आले. वऱ्हाडच्या हद्दीतील उमरखेडसारख्या ठिकाणी कार्यकर्त्यांची केंद्रे होती आणि तेथून संस्थानातील गावांत काम चाले. वसमत तालुक्यातील वापटी गावचे बहिर्जी शिंदे यांना या लढ्यात हौतात्म्य आले. वसमत येथील महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

परभणी जिल्ह्याचा तालुका म्हणून हिंगोली १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात राहिली. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके आहेत. शहराचा कारभार नगर परिषदेमार्फत चालतो. हिंगोली हा लोकसभेचा मतदारसंघ असून जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी व वसमत हे विधानसभेचे तीन मतदारसंघ आहेत.

भारतरत्न नानाजी देशमुख यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ रोजी आताच्या हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातल्या कडोळी येथे झाला.

अर्थव्यवस्था

ज्या कापसासाठी रेल्वे आली, त्याचे पूर्वीचे वर्चस्व आता राहिलेले नाही. सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद ही आज परिसरातील महत्त्वाची पिके आहेत. यांपैकी हळदीने जिल्ह्याला नवी ओळख दिली आहे. जमिनीतून काढलेले हळदीचे कंद शिजवून, उन्हात वाळवून व पॉलिश करून हळकुंडे तयार होतात. उन्हाळ्यात ती विक्रीस येतात. हिंगोली येथील संत नामदेव हळद मार्केट यार्ड आणि वसमतची बाजारपेठ यांची गणना राज्यातील प्रमुख हळद बाजारांत होते. ‘वसमत हळद’ या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमत येथे बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही मंजूर झाले आहे.

सांस्कृतिक जीवन

हिंगोलीचा सार्वजनिक दसरा महोत्सव मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. खाकीबाबा मठाशी निगडित असलेल्या या उत्सवाला दीड शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. रामलीला, प्रदर्शनी आणि विजयादशमीस होणारे रावणदहन ही त्याची प्रमुख अंगे असून ते रामलीला मैदानावर भरते. रामलीला हा मूळचा उत्तर भारतीय लोकनाट्यप्रकार मराठवाड्यातील गावात इतका रुजला, यावरून छावणीच्या काळात जमलेल्या मिश्र वस्तीचे सांस्कृतिक परिणाम ध्यानात येतात.

गड्डेपीर गल्लीतील विघ्नहर्ता चिंतामणी गणपती ‘नवसाचा मोदक’ या प्रथेसाठी ओळखला जातो. अनंत चतुर्दशीस भाविक येथून मोदक घेऊन जातात आणि नवस फेडताना मोदकांचा नैवेद्य अर्पण करतात. त्या दिवशी लगतच्या जिल्ह्यांतूनही मोठी गर्दी होते.

प्रेक्षणीय स्थळे

शहरातील स्थळे

खाकीबाबा मठ, चिंतामणी गणपती मंदिर आणि जलेश्वर मंदिर व तलाव ही शहरातील प्रमुख स्थळे आहेत. इतिहासाच्या अभ्यासकांनी पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा आणि सदर बाजार या वस्त्या पायी फिरून पाहाव्यात, म्हणजे छावणीची मूळ रचना समजण्यास मदत होते.

औंढा नागनाथ

हिंगोलीपासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले हे शिवस्थान बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. मंदिराचा खालचा भाग यादवकालीन असून काळ्या दगडात बांधलेला आहे. बाह्य भिंतींवर हत्तींचे थर, देवदेवता आणि विविध मानवी आकृती कोरलेल्या आहेत. गाभारा जमिनीच्या पातळीखाली असून अरुंद पायऱ्यांनी उतरून जावे लागते. मंदिराच्या वरच्या भागाची पुनर्बांधणी उत्तरकाळात झाली आणि तिचे श्रेय अहिल्याबाई होळकर यांना दिले जाते. खालील दगडी काम आणि वरील चुन्याविटांचे काम यांतील फरक पाहणाऱ्यास सहज दिसतो. संत नामदेवांना विसोबा खेचरांचा गुरूपदेश येथेच लाभला, अशी वारकरी परंपरा आहे. रेल्वेने येणाऱ्यांना चोंढी हे जवळचे स्थानक आहे.

नर्सी नामदेव

कयाधूच्या काठचे हे गाव संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद असून काहींच्या मते ते पंढरपूर होय. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट असल्याने मराठी वारकऱ्यांइतकेच शीख भाविकही येथे श्रद्धेने येतात. गावात नामदेवांचे मंदिर व गुरुद्वारा आहे. नांदेडच्या हुजूर साहिबला येणारे अनेक यात्रेकरू नर्सीलाही भेट देतात.

शिरड शहापूर

औंढा नागनाथ तालुक्यातील या गावी मल्लिनाथ तीर्थंकरांचे दिगंबर जैन मंदिर आहे. महाराष्ट्रातील व लगतच्या राज्यांतील जैन भाविकांचे हे तीर्थक्षेत्र आहे.

लायगो–इंडिया प्रकल्प

गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी वेधशाळा औंढा नागनाथ तालुक्यात उभारली जात आहे. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी सप्टेंबर २०१५ मध्ये या लहरींची पहिली नोंद केली होती. भारतातील प्रकल्पास फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी मिळाली. परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांमधून लेझर किरण पाठवून अणुकेंद्रापेक्षाही सूक्ष्म हालचाल मोजणे, हे या यंत्रणेचे तत्त्व आहे. अशा मोजमापाला जमिनीचे कंप बाधक ठरतात. म्हणून वर्दळीचे रस्ते, कारखाने व रेल्वे यांपासून दूर असलेली शांत जागा तिला लागते.

दळणवळण

अकोला–वाशीम–हिंगोली–कळमनुरी–नांदेड–देगलूर–संगारेड्डी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ शहरावरून जातो. परभणी, नांदेड, वाशीम, अकोला आणि औंढा नागनाथ या ठिकाणांसाठी राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्या मिळतात. जवळचा विमानतळ नांदेड येथे आहे.